शांतारामभाऊंची सात पिंपं

नोव्हेंबरच्या मध्यावर एक सकाळ अशी येते, की मी उठते, एसी बंद करते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते. सहा-सात महिने ती बंद असते. खाचेत वाळू बसलेली असते, त्यामुळे ती आधी कुरकुरते, मग अर्धीच सरकते. बाहेरच्या हवेला काही खास सुगंध वगैरे नसतो. खालच्या कॅफेटेरियातला चहा, शेजारच्या मल्याळी घरातलं तापलेलं खोबरेल आणि रस्त्यापलीकडच्या हिरवळीला नुकतंच दिलेलं पाणी, एवढंच. पण उन्हाळाभर बंद काचेआड राहिलेल्या माणसाला तेवढंही पुरतं. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहते आणि नवऱ्याचा डबा त्या दिवशी हमखास उशिरा होतो.

त्या ओल्या हिरवळीच्या वासाने मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो, दोन हजार आठचा, मंदीचा. त्याचा विषय निघाला की आमच्या पिढीच्या प्रत्येक दुबईकराकडे सांगायला काहीतरी असतं. कोणाचा टॉवर विसाव्या मजल्यावर थांबला, कोणाचा शेजारी कर्जापायी एअरपोर्टवर गाडी सोडून गेला. माझा नवरा सुधीर तेव्हा क्वांटिटी सर्व्हेअर होता, आणि साइटवर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. ह्या गप्पा रंगल्या की मी गप्प बसते. मला त्या हिवाळ्यातली गांडुळं आठवतात, आणि चारचौघांत हे सांगितलं तर लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका लँडस्केपिंग कंपनीत ॲडमिनला होते. पत्रं टाइप करणं हे माझं मुख्य काम. रजेची, व्हिसाची, बढतीची. त्या ऑक्टोबरनंतर एकाच तऱ्हेची पत्रं उरली. हेड ऑफिसकडून नावांची यादी यायची, मी एकेक नाव पत्रात भरायचे, प्रिंट काढायचे, सहीला पाठवायचे. ‘आपण केलेल्या सेवेबद्दल कंपनी आभारी आहे’ हे वाक्य बोटांना इतकं पाठ झालं होतं की त्या वेळी मी दुसरा विचार करू शकायचे. करू नये तोच विचार यायचा, की पुढच्या यादीत कोण.

ऑफिसच्या मागे कंपनीची नर्सरी होती. एका व्हिला वसाहतीसाठी तिथे दोनेक हजार रोपं वाढत होती. कडुनिंब, बोगनवेल, कण्हेर, आणि गाफ, म्हणजे वाळवंटात स्वतःच्या हिमतीवर उभं राहणारं इथलं झाड. वसाहतीचं काम एका सोमवारी थांबलं. भिंती अर्ध्यावर ठेवता येतात, क्रेन तशीच उभी करता येते, पण रोपांना हे कसं सांगणार? ती आपली वाढतच होती. आणि हेड ऑफिसने खताची आणि परदेशातून येणाऱ्या मातीची ऑर्डर बंद करून टाकली होती.

नर्सरीचे फोरमन होते शांताराम घाग. गुहागरजवळच्या एका गावातले, पन्नाशी ओलांडलेले, दुबईत सतरा वर्षं काढलेले. अंगाने सडपातळ, बोलणं कमी, डोक्यावर कंपनीची टोपी, तिचा मूळ रंग कंपनीलाही ओळखता आला नसता. मी त्यांना शांतारामभाऊ म्हणायचे, ते मला मॅडम. “ताई म्हणा हो,” असं मी दोनदा सांगून पाहिलं. “ऑफिसात ताई कशी म्हणणार?” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांची मुलगी रत्नागिरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आणखी दोन वर्षं, इथे टिकून राहायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. तीही मला त्यांनी एकदाच सांगितली, रजेचा फॉर्म भरताना.

एके दिवशी ते अल खवानीजच्या बाजूला एका शेतावर गेले, तिथल्या ओळखीच्या मल्याळी माळ्याकडून लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या डब्यात मूठभर तांबडी गांडुळं घेऊन आले, आणि तो डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “मॅडम, खत आलं.” मी झाकण उघडून पाहिलं आणि खुर्चीसकट मागे सरकले. कोकणातल्या शेतात गांडूळ मी पाहिलेलं होतं, पण त्या वेळी मी उभी आणि ते जमिनीवर, अशी आमची जागा ठरलेली होती.

कडेला पडलेली निळी प्लास्टिकची पिंपं त्यांनी उभी चिरली. चार पिंपांची आठ अर्धी झाली. सातांत गांडुळं, आठव्यात हात धुवायचं पाणी. हिरव्या जाळीच्या सावलीत ती ओळीने मांडली, वर ओली गोणपाटं अंथरली. पाइपलाइनचं पाणी जरा मचूळ असायचं, ते ह्या पाहुण्यांना सोसत नाही म्हणून पोर्टा केबिनच्या एसीतून ठिबकणारं पाणी ते बादलीत धरायचे. आणि सातही पिंपांना त्यांनी सात वेगळी जेवणं लावून दिली. कशावर ती जोमाने वाढतात आणि कशाचं खत झाडाला मानवतं, हे त्यांना पाहायचं होतं. शाळेच्या चौरेघी वहीत पेन्सिलीने रोजची नोंद व्हायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, “लक्षात राहतं म्हणतो माणूस, पण राहत नाय.”

पहिल्या पिंपात तबेल्यातली घोड्याची लीद. दुसऱ्यात कॅफेटेरियातली चहापत्ती, तीही दोनदा धुतलेली, कारण इथल्या कडक चहात साखर इतकी असते की गांडुळांच्या आधी मुंग्याच पंगतीला बसायच्या. तिसऱ्यात भाज्यांची सालं आणि देठं. चौथ्यात अंड्यांचे ट्रे आणि एसीच्या खोक्यांचा भिजवलेला पुठ्ठा. पाचव्यात कामगारांच्या मेसमधला कांद्याची सालं मिसळलेला शिळा भात. सहाव्यात रमजाननंतर उरलेला, सुरकुतलेला खजूर. सातवं निर्माल्याचं, त्याचं पुढे सांगते.

शांतारामभाऊ ह्या पाहुण्यांबद्दल बोलायला लागले की त्यांचं कमी बोलणं कुठच्या कुठे जायचं. लीद ह्यांना आवडते, पण ताजी नको, ती आतून तापते. पुठ्ठा खातात, पण नाइलाजाने, उपासाला वरी खावी तशी. संत्र्याची सालं दिली तर सगळी विरुद्ध कोपऱ्यात जाऊन बसतात. भात जास्त झाला की आंबतो आणि वास मारतो. खजुराने अंगाने चांगली भरतात, पण पिल्लं कमी होतात. आणि कलिंगडाची साल टाकली तर सकाळपर्यंत नुसतं कागदासारखं पातळ सालपट उरतं. हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. रोज पहाटे गोणपाट उचलून, तळहात आत ठेवून, ऊब बघून, चिमूटभर माती नाकाशी नेऊन ते शिकले होते. सतरा वर्षं लोकांच्या घरापुढची हिरवळ कापणारा हा माणूस आत इतका जागा होता, हे आमच्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं?

तिसऱ्या पिंपाचा पुरवठा माझ्याकडे होता. आमच्या कुसैसच्या बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं. चारही घरांतली सालं, देठं, शेंगांची टरफलं मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून कंपनीच्या स्टाफ बसमधून न्यायचे. कुसैसपासून इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत सव्वा तासाचा रस्ता. फिलिपिनो रिसेप्शनिस्ट माझ्या शेजारी बसायची ती मागच्या सीटवर गेली. सुधीर घरी म्हणायचा, “दुबईत सगळ्यांचे बिझनेस बुडाले, आमच्या घरात मात्र एक्स्पोर्ट जोरात चाललाय.” त्या दिवसांत तो घरी फार कमी विनोद करायचा. म्हणून मी मुद्दाम डबे त्याच्या डोळ्यांसमोर भरायचे.

निर्माल्याचं पिंप खरं तर बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंमुळे सुरू झालं. परदेशात देवाला वाहिलेल्या फुलांचं काय करायचं, हा आम्हा सगळ्यांपुढचा प्रश्न असतो. ना नदी, ना विहीर, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजत नाही. जोशीकाकूंकडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नवरात्रापासूनची झेंडूची फुलं पिशव्यांत साठून राहिली होती. मी शांतारामभाऊंना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, “आणा की. मातीत जाणं म्हणजे विसर्जनच.” मग त्यांनी त्यातला कापराचा चुरा, वाती, दोरे, अक्षता एकेक करून वेचून काढले आणि फुलं पसरायच्या आधी मातीला हात लावून नमस्कार केला. पंधरा दिवसांत पार करामा भागातल्या ओळखीच्या बायकाही माझ्याकडे निर्माल्य पोचवायला लागल्या.

आता मॉलमध्ये गांडूळखत छानशा पिशवीत मिळतं. वीकेंडला मुलांसाठी कार्यशाळा असतात, त्यात मुलं हातमोजे घालून एकेक गांडूळ उचलतात आणि आया फोटो काढतात. चांगलंच आहे ते. पण तिथे उभी राहिले की मला वाटतं, ज्याला डोळे नाहीत, दात नाहीत, आवाज नाही, असा हा जीव माणसाने टाकून दिलेलं सगळं आत घेतो आणि त्याची काळी, हलकी, पावसानंतरच्या वाफ्यासारखी माती करून देतो. तेही कुठलाच गाजावाजा न करता. त्या हिवाळ्यात आजूबाजूचा प्रत्येक माणूस घाबरलेला होता आणि मोठ्याने बोलत होता. नर्सरीतल्या त्या सात पिंपांपाशी गेलं की जरा शांत वाटायचं. मी जेवणाची सुट्टी तिथेच काढायला लागले.

डिसेंबरमध्ये आमचे प्रोजेक्ट इंजिनिअर नबील नर्सरीत आले. जॉर्डनचे, भल्या मनाचे, आवाज मात्र भांडल्यासारखा. शांतारामभाऊंना ते ‘शांता’ म्हणायचे. आमच्याकडे हे बाईचं नाव आहे, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. पिंपं पाहून ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “हबीबी शांता, हेड ऑफिस बोलता, नर्सरी खलास. प्लांट बेचो, आदमी भेजो. ये तुम्हारा कीडा का मिट्टी से प्लांट अच्छा रहेगा?”

“रहेगा साब.”

“मेरे को दिखाओ. एक लाइन पुराना मिट्टी, एक लाइन तुम्हारा. जानेवारी में हम देखेगा. अच्छा है, तो मैं बोलेगा नर्सरी चालू रखो. नर्सरी चालू, तुम चालू. इन्शाल्ला.”

एवढं बोलून ते गेले. शांतारामभाऊंनी त्याच दुपारी गाफची शंभर रोपं मोजून दोन ओळींत लावली आणि वहीत नवीन पान काढलं. मी म्हटलं, “जमेल ना?” ते म्हणाले, “झाडाचं जमेल. साहेबाचं माहीत नाय.”

एका शुक्रवारी मी माझ्या लेकीला, रेवाला, नर्सरीत नेलं. ती तेव्हा नऊ वर्षांची. आधी तिने नाक दाबलं. “आई, दे आर सो ग्रोस.” शांतारामभाऊंनी तिला आग्रह केला नाही. स्वतःच्या तळहातावर एक गांडूळ घेतलं, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि गप्प राहिले. पाचेक मिनिटांनी तिनेच हात पुढे केला. “इट्स टिकलिंग मी,” ती हळूच म्हणाली. मग विचारलं, “डझ इट हॅव अ नेम?” मी भाषांतर करणार, तोवर ते म्हणाले, “नाव ठेवलं तर बाकीची रुसतील.” हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा रेवा इतकी हसली की गांडूळ खाली पडता पडता वाचलं. तिला मराठी नीट येत नाही ह्याची मला एरवी लाज वाटते, त्या दिवशी वाटली नाही.

आणि मग जानेवारीत मी तो पराक्रम केला. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्याच्या आधीच्या आठवड्यात शांतारामभाऊ म्हणाले होते, “मॅडम, फ्लॉवरच्या पानांवर फवारणी असते. जरा धुऊन आणाल तर बरं.” संक्रांतीचं हळदीकुंकू मी त्या वर्षी शुक्रवारी ठेवलं होतं. चाळीस बायकांसाठी फ्लॉवर-मटारचा रस्सा केला, म्हणजे फ्लॉवरचे किती गड्डे आणि त्यांची किती पानं, विचार करा. गांडुळांची चंगळ होणार म्हणून मी खूश. आईने शिकवलं होतं तसं मी ती सगळी पानं आणि देठं मोठ्या टबात घातली, वर दोन मुठी मीठ आणि चमचाभर हळद टाकली, आणि रात्रभर भिजवून ठेवली. फ्लॉवर असाच धुतात. आमच्यात कोणीही बाई असाच धुते. शनिवारी सकाळी मी तो ऐवज दोन पिशव्यांत भरून नेला आणि शांतारामभाऊ साइटवर गेलेले होते म्हणून माझ्या हातांनी तिसऱ्या पिंपात पसरला. पिशव्यांच्या तळाला साचलेलं पाणीही वाया जायला नको म्हणून वरून ओतलं.

रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला. मी गेले तर पिंपाच्या बाहेरच्या निळ्या भिंतीवर गांडुळं चिकटून वाळली होती. जी पळून जाऊ शकली ती. आतली मऊ पडून विरघळायला लागली होती. सातांतलं सगळ्यांत भरलेलं पिंप ते, आणि बुधवारी नबील येणार होते.

शांतारामभाऊंनी एक देठ उचललं, जिभेच्या टोकाला लावलं आणि खाली ठेवलं.

“खारट आहे,” ते म्हणाले.

मी कशीबशी सांगितली टबाची हकिगत. बोलता बोलताच माझं मला कळत गेलं. ते ऐकून घेत होते.

“फ्लॉवरला मीठ कशासाठी लावता, मॅडम?”

“आतल्या अळ्या, किडे जावेत म्हणून.”

“हां,” ते म्हणाले. “गेले.”

मला रडू आलं. त्यांनी मला तिथेच एका उलट्या बादलीवर बसवलं, हात धुवायच्या पिंपातून हात धुतले आणि कामाला लागले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला हलकं वाटलं असतं, हे खरं. तोवर त्यांच्या हातून एक गांडूळ मेलेलं मी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. माझ्या एका टबाने त्यांची दोन वर्षं बुडणार, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. बुधवारपर्यंत मला घास गिळवला नाही. सुधीर म्हणाला, “अगं, गांडुळंच ना?” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने स्वतःचं ताट स्वतः उचललं.

बुधवारी नबील आले. मी फाइल हातात घेऊन उगाच मागे उभी राहिले. दोन ओळींतला फरक सांगावा लागत नव्हता. जुन्या मातीतले गाफ जिवंत होते इतकंच. दुसऱ्या ओळीतल्यांना वितीवितीच्या नव्या फांद्या फुटल्या होत्या. नबीलनी एक रोप कुंडीतून काढून मुळं पाहिली आणि खुशीत “वल्ला” म्हणाले. मग पिंपं बघत निघाले. तिसऱ्यापाशी मी डोळे मिटून घेतले. शांतारामभाऊंनी ते लपवलेलं नव्हतं, सहा भरलेल्या पिंपांच्या ओळीत ते तसंच होतं. “ये मर गया साब,” ते म्हणाले, “नमक का पानी गया. मेरा देखना रह गया.” वहीतली ती नोंदही त्यांनी दाखवली. नबील वहीकडे बराच वेळ बघत होते. त्यांना मराठी कुठे वाचता येणार, पण रोजची तारीख आणि रोजची ओळ तर दिसत होती. “गुड,” ते म्हणाले. “मैं बोलेगा.”

आणि त्यांनी खरंच सांगितलं. आठ दिवसांत हेड ऑफिसचं उत्तर आलं. नर्सरी चालू राहील. बाहेरचं खत येणार नाही, हेच वापरावं. ते पत्र मी स्वतः पळत नेऊन दिलं. शांतारामभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्यांच्या आनंदाची तेवढीच हद्द होती. मी मात्र त्या संध्याकाळी घरी शिरा केला.

आज ती वसाहत पुरी झाली आहे. मी कधी त्या रस्त्याने गेले की गाडी हळू करायला सांगते. दुतर्फा गाफची झाडं आहेत, दुमजली घराएवढी. त्यांतली आपली कोणती, हे मला सांगता येत नाही. माळ्याला विचारलं तर त्याला वाटेल बाईचं काही हरवलंय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुढची यादी आली. ह्या वेळी नियम वेगळा होता. ज्यांचा व्हिसा मार्चअखेर संपतो त्यांचा रिन्यू होणार नाही, खातं कोणतंही असो. मी यादी वरून खाली वाचत आले आणि अकराव्या नावाला थांबले. शांताराम घाग. नबीलना फोन केला. ते म्हणाले, “आय नो. आय टोल्ड देम. एक्सेप्शन नहीं करता. खलास.” नर्सरी राहिली, गांडुळं राहिली, माणूस मात्र जाणार होता. त्यांच्या जागी आधीपासून तिथे रोपांना पाणी घालणारा रफिक पिंपं सांभाळेल, असंही पत्रात होतं. रफिक बांगलादेशचा, चाळिशीचा, मुकाट कामाचा माणूस.

मी पत्र टाइप केलं. बोटांना पाठ असलेलं ते आभाराचं वाक्य त्या दिवशी मला एकेक अक्षर शोधून टाइप करावं लागलं. पत्रांवर सह्या होऊन ती वाटली जायला चार दिवस लागायचे, आणि तोवर कोणाला काही सांगायचं नाही, असा कडक नियम होता. मी तो मोडला. सरळ नर्सरीत गेले आणि त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, “चार दिवस आहेत. कोणाला भेटायचं असेल, कोणाचा वशिला लागत असेल, तर बघा. मी सांगितलं म्हणू नका.”

ते म्हणाले, “बरं झालं, सांगितलंत.” मग गोणपाट उचलून पाणी शिंपडायला लागले.

चार दिवस मी फोन वाजला की दचकत होते. कोणाकडून काही येईल, नाव कापलं जाईल, असं वाटत राहिलं. काही आलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पत्र घेतलं, माझ्यासमोर सही केली. मी हळूच विचारलं, “कोणाला भेटलात का?”

“नाय. वेळच नव्हता.”

“मग चार दिवस केलंत काय?”

“रफिकला शिकवत होतो,” ते म्हणाले. “तरी पुरं झालं नाय. पिल्लं वेगळी कशी करायची ते राहिलंय.”

मला त्यांचा रागच आला. म्हटलं, शांतारामभाऊ, जे तुम्हाला येतं ते इथे दुसऱ्या कोणालाही येत नाही. थोडं हातचं राखलं असतंत तर ह्यांना तुमच्यावाचून चाललं नसतं, चार महिन्यांत पुन्हा बोलवावं लागलं असतं. ते माझ्याकडे असं बघत राहिले, की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले असावे. “आणि तोवर ही मेली असती ना,” ते म्हणाले. “उन्हाळा येतोय.”

त्यांची दुपारची फ्लाइट होती, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची. कंपनीच्या बसने न जाऊ देता सुधीर आणि मी त्यांना आमच्या गाडीतून एअरपोर्टला घेऊन गेलो. ते मागच्या सीटवर, मांडीवर बॅग घेऊन. मी त्यांच्या शेजारी डायरी उघडून बसले, कारण निघाल्यापासून ते सांगतच होते. अंड्यांचे कोष हाताने वेचायचे नाहीत, फुटतात. कलिंगडाची फोड पालथी ठेवायची, दोन दिवसांनी पिल्लं तिच्याखाली गोळा होतात, मग फोडीसकट उचलायची. मेपासून पिंपं केबिनच्या सावलीला घ्यायची. मी लिहीत होते. शेवटी सुधीर आरशात बघत म्हणाला, “शांतारामभाऊ, आता स्वतःचं काहीतरी बोला.” ते थोडं हसले. “चिपळूणला एक नर्सरीवाला आहे ओळखीचा. बघू. पोरीचं वर्ष तर थांबवणार नाय,” असं म्हणून ते पुन्हा पिंपांकडे वळले.

दारापाशी आम्ही उतरलो. मला म्हणायचं होतं की तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. तोंडून आलं ते, “जपून जा.” त्यांनी ट्रॉली ढकलली, दरवाज्यापर्यंत गेले, आणि तिथून परत आले. आता तरी स्वतःविषयी काही सांगतील असं मला वाटलं. मागून कोणीतरी “यल्ला, यल्ला” म्हणत घाई करत होतं.

“मॅडम, हे एक लिहून घ्या,” ते म्हणाले. “रफिकला सांगा, पहिल्या वेळी सगळी मेली तरी घाबरू नकोस. माझ्याकडे आधी दोनदा मेली होती. सगळीच्या सगळी. कोणाला बोललो नव्हतो.”

मी गाडीच्या टपावर डायरी ठेवून ते लिहून घेतलं. मान वर केली तेव्हा ते आत गेले होते.

मार्च संपता संपता एका सकाळी रफिक टोपी हातात घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. मी त्याला बसायला सांगितलं, ड्रॉवरमधून डायरी काढली आणि ते वाक्य त्याला हिंदीत वाचून दाखवलं.